मुळाचा डबा

ओराझाचे, म्हणजे रमझानच्या उपासांचे, दिवस असल्यामुळे कँटीनमध्ये दुपारी जेमतेम नऊ-दहा माणसं असायची. त्या नऊ-दहा जणांसमोर नेटवर्क सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्या तोलेगेन आगाने अक्मारलचा पाणउतारा केला. तो काही जेवायला आला नव्हता, त्याचा रोजा होता. खास तेवढ्या कामासाठीच दोन जिने उतरून आला होता.

"काल परत चार टन," तो म्हणाला, तिला नाही, भोवतालच्यांना. "चार टन दूध गटारात सोडलं. आणि या बघा आमच्या चित्रकार बाई. लगमान ओरपतायत."

अक्मारलने शेवयांचा काटा खाली ठेवला नाही. गळ्याच्या गोळ्या चालू असल्याने तिला यंदा रोजा नव्हता, आणि हे तोलेगेनला माहीत होतं, कारण तिच्या रजेच्या अर्जावर सही त्याचीच होती. तिने घास गिळला आणि शांतपणे सांगितलं, की शुक्रवारी सगळं संचालिका राउशान आपायसमोरच बोलू. तो हसला आणि म्हणाला, शुक्रवारी बोलायचं नाही, शुक्रवारी सामान आवरायचं. बाटल्या भरणाऱ्या विभागातले दोघं मान खाली घालून हसले. ते हसले याचाच तिला जास्त राग आला, कारण त्यांच्या बिघडलेल्या छपाईयंत्राचा दोष तिनेच शोधून दिला होता, तोही रविवारी.

सुत-बुलाक डेअरी शिमकेंतच्या बाहेर, हमरस्त्याला लागून आहे. दूध तापवण्याची तिथली यंत्रं दर सेकंदाला आपली उष्णता सर्व्हरला कळवतात. नियमच तसा आहे. त्या नोंदीत मिनिटभराची फट पडली की ती खेप कितीही चांगली तापलेली असो, विकता येत नाही. ओराझा सुरू झाल्यापासून अशी फट रोज पडत होती. रोज संध्याकाळी, मिनिटभर, कारखान्याचं सगळं नेटवर्क मरायचं. कॅमेरे काळे, फोन मुके, वजनकाटा बंद. मग आपोआप सगळं जिवंत व्हायचं, आणि संध्याकाळची खेप गटाराच्या वाटेला लागायची. अकरा दिवसांत अकरा खेपा गेल्या होत्या.

खापर फुटलं अक्मारलच्या डोक्यावर. तोलेगेनचं म्हणणं सोपं होतं आणि सोपं म्हणूनच सगळ्यांना पटलं. या बाईने आणलेलं नकाशे काढायचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी प्रत्येक डब्याचं दार ठोठावतं, तुझं कसं चाललंय, तुझे शेजारी कोण, अशा चौकशा करतं. दिवसभर उत्तरं देऊन डबे दमतात आणि संध्याकाळी कोसळतात. डबे म्हणजे नेटवर्कच्या तारा जिथे येऊन जुळतात त्या पेट्या. सगळ्या कारखान्यात मिळून एकवीस होत्या. त्या दमत नाहीत, हे तोलेगेनला चांगलं ठाऊक होतं. पण दूध वाहून गेलेल्या माणसांना काही तरी दमलेलं दाखवायला लागतं.

हे सॉफ्टवेअर मुळात आलं ते त्याच्याचमुळे. गेल्या उन्हाळ्यात तोलेगेनचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा नऊ दिवस डेअरीत कुणालाच कळेना की कुठली तार कुठे जाते. पंधरा वर्षांत त्याने कागदावर एक रेघ ओढलेली नव्हती. सगळं डोक्यात, आणि डोक्याला भूल दिलेली. राउशान आपाय त्या नऊ दिवसांत दोनदा दवाखान्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा जाण्याऐवजी त्यांनी सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि ते चालवायला कारागांदाहून अक्मारलला बोलावलं. अक्मारल छत्तीस वर्षांची, दोन कारखान्यांची जाळी उभी केलेली बाई. घटस्फोटानंतर आईला आणि लेकीला घेऊन ती या गावात आली, भाड्याचं घर घेतलं, लेकीला शाळेत घातलं. मागे परतायला तिकडे काही उरलं नव्हतं.

नोकरीवर घेताना राउशान आपायने तिच्याकडून एक कागद लिहून घेतला होता: मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे. खाली सही. तारखेची जागा कोरी. तो कागद आपायच्या टेबलाच्या खणात कुलूपबंद पडलेला असे. यात जगावेगळं काही नव्हतं, डेअरीतल्या सगळ्यांचेच कागद त्या खणात होते. फक्त तोलेगेनचा नव्हता, कारण तो आपायच्याही आधीपासूनचा. आता आपायने अक्मारलला सांगितलं होतं, की शुक्रवारपर्यंत कारण दाखव, नाहीतर मी तारीख घालते. आणि वरच्या कंपनीला पत्र जाईल, नावानिशी. त्या कंपनीच्या या भागात सहा डेअऱ्या होत्या. असं पत्र गेल्यावर अक्मारलला शिमकेंतमध्ये दुकानातल्या गल्ल्यावरही कुणी उभं केलं नसतं.

तोलेगेन तिला पाण्यात पाहायला लागला तो पहिल्याच आठवड्यात, आणि त्याला कारण होता तिचा नकाशा.

नकाशा दिसायला देखणा होता. एकाच तारेतून चार वेगळ्या वस्त्या नांदतात: कॅमेऱ्यांची, हिशेब खात्याची, फोनची आणि उष्णता मोजणाऱ्या यंत्रांची. एका वस्तीतलं बोलणं दुसरीत जात नाही. त्यांना व्हीलॅन म्हणतात. पडद्यावर प्रत्येकीला आपला रंग होता, कॅमेरे निळे, उष्णता नारिंगी, असं. पण तोलेगेनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या रंगांमुळे नव्हे, झाडामुळे. डब्यांमध्ये जागोजागी जोडवाटा ठेवलेल्या असतात, एक तार तुटली तर दुसरी असावी म्हणून. पण दोन्ही वाटा एकदम उघड्या राहिल्या तर निरोप गोल गोल फिरत बसतात आणि सगळं तुंबतं. म्हणून डबे आपापसात एकाला मुळाचा डबा ठरवतात, त्याच्यापासून फांद्या धरतात आणि जादाच्या वाटा मिटून ठेवतात. मूळ कोण, हे एका आकड्यावर ठरतं. ज्याचा आकडा लहान तो मूळ. तो आकडा माणसाने घालायचा असतो. कुणीच घातला नाही तर सगळ्यांचे आकडे सारखे राहतात, आणि मग मान बहुधा सगळ्यात जुन्या डब्याला जातो.

सॉफ्टवेअर हे झाड उलटं काढतं, मूळ सगळ्यात वर. अक्मारलने पहिल्यांदा नकाशा उघडला तेव्हा तोलेगेन तिच्या खुर्चीमागे उभा होता. सर्व्हरच्या खोलीत त्याचं मोठं नवं मशीन होतं, गार हवेत, काचेच्या दाराआड. तो दर सोमवारी ते स्वतः पुसायचा. नकाशात ते मशीन तिसऱ्या ओळीत, लोणीविभागाच्या शेजारी बसलं होतं. आणि सगळ्यात वर, एकटा, होता फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खोपट्यातला डबा. डेअरीचा पहिला डबा तो. नवे आले तेव्हा फेकवला नाही म्हणून तोलेगेननेच तो फाटकावर नेऊन लावला होता, कॅमेऱ्यासाठी आणि वजनकाट्यासाठी.

"हे काय काढलंयस?" तो म्हणाला.

"मी नाही काढलं, आगा. डब्यांनी सांगितलं तसं त्याने काढलं."

"माझं मशीन तिसऱ्या ओळीत, आणि तोरवर कोण, तर पहारेकऱ्याचा डबा?"

तोर म्हणजे घरात दारासमोरची मानाची जागा. तिथे घरातला थोरला बसतो, नाहीतर मोठा पाहुणा. कोण तोरवर बसला आणि कोण दाराशी, यावरून इकडे सोयरिकी मोडलेल्या आहेत. अक्मारलने तेव्हाच त्याला सांगितलं, की तुमच्या मशीनला लहान आकडा द्या, ते वर जाईल, एका ओळीचं काम आहे, आणि फाटकावरचा डबा मूळ असणं धोक्याचं आहे. तिला स्वतःला ते करता येत नव्हतं. डब्यांचे पासवर्ड तोलेगेनकडे होते, तिला फक्त बघायची परवानगी होती. फाटकाच्या डब्याचं तर तेवढंही नव्हतं. तो नकाशाशी बोलतच नव्हता, शेजारचे डबे त्याच्याबद्दल सांगत तेवढंच कळायचं. तोलेगेनने तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरी, तू शाळेत बाकावर नावं कोरत होतीस तेव्हापासून हे जाळं चालतंय." त्या दिवसापासून तो तिला चित्रकार बाई म्हणायला लागला. आकडा त्याने घातला नाहीच.

त्याने दुसरंच काही केलं, ते अक्मारलला कँटीनमधल्या त्या दुपारनंतर कळलं. ती आपायच्या खोलीत गेली तर भिंतीवर तिचाच नकाशा छापून लावलेला. रंग तेच, डबे तेच. पण सगळ्यात वर सर्व्हरच्या खोलीतलं मशीन होतं आणि फाटकाचा डबा खाली कोपऱ्यात, बाउरसाकच्या, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, ताटातून घरंगळलेल्या तुकड्यासारखा. नकाशातली चित्रं माऊसने धरून हलवता येतात. तोलेगेनने ती हलवली होती, जपून ठेवली होती आणि छापली होती. आपायने त्या कागदाकडे बोट दाखवून सांगितलं, की तुझ्याच नकाशात सगळं जागच्या जागी आहे, मग तोलेगेन म्हणतो तेच खरं, बिघाड तुझ्या त्या सॉफ्टवेअरचाच.

अक्मारलच्या पायाची आग मस्तकात गेली. चित्र हलवल्याने तार हलत नाही, हे तोलेगेनला कळत नसेल असं तिला वाटेना, आणि कळत असूनही त्याने हे केलं असेल तर तो माणूस नीच होता. नंतर तिला जाणवलं, की त्याला बहुधा खरंच कळलं नसावं. चित्रात आपलं मशीन वर नेलं म्हणजे ते वर गेलं असं त्याला मनापासून वाटत असावं. हे जास्त भयंकर होतं. पण दया तिला आली नाही. चिडचिड तेवढी वाढली.

त्या संध्याकाळी ती कँटीनमध्ये एकटी बसली. सॉफ्टवेअर बंद ठेवून पाहायला आपाय तयार नव्हत्या, कारण मग नकाशाच राहिला नसता आणि नऊ दिवसांची ती भीती त्या विसरल्या नव्हत्या. अक्मारलने नेटवर्क मेल्याच्या वेळा वहीत उतरवल्या होत्या. सहा वाजून सहा. सहा सात. सहा आठ. सहा दहा. रोज मिनिट, सव्वा मिनिट पुढे. हे तिने आधीही पाहिलं होतं, पण यंत्रं अशी सरकत नाहीत, म्हणून तिने तो आपल्याच घड्याळाचा दोष धरला होता. सव्वासहाला स्वयंपाकीण पातेली लावायला लागली आणि दारावर चिकटवलेल्या कागदाकडे बघत म्हणाली, "आज सहा वाजून बावीस मिनिटांनी तोंड उघडायचं." म्हणजे रोजा सोडायचा. तो कागद मशिदीतून आलेला ओराझाचा तक्ता होता. अक्मारल उठून त्याच्यासमोर उभी राहिली. रोजा सोडायच्या वेळा ओळीने छापलेल्या होत्या आणि त्यासुद्धा रोज मिनिट, सव्वा मिनिट पुढे सरकत होत्या. तिच्या वहीतल्या वेळा प्रत्येक दिवशी बरोबर चार मिनिटं आधीच्या होत्या. तिचा यंदा रोजा असता तर हे तिला तिसऱ्याच दिवशी पोटाने सांगितलं असतं.

सूर्यास्ताच्या चार मिनिटं आधी कोण काय करतं? हात धुतं, खजूर काढतं. आणि चहाचं पाणी ठेवतं.

ती फाटकाकडे चालत गेली. ओमिर्झाक अता, म्हणजे आजोबा, तिथे अकरा वर्षं पहारेकरी होते, सत्तरी ओलांडलेले, एका कानाने कमी ऐकू येणारे. दूध घेऊन येणारा कुठलाही टँकरवाला त्यांच्या खोपट्यातून पेलाभर चहा घेतल्याशिवाय आत जात नसे, आणि ओराझात तर सांजेच्या वेळी फाटकाजवळ जो असेल त्याचा रोजा सोडवल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. पाच-सहा जण तरी रोज असायचे. त्यासाठी यंदा त्यांच्या मुलाने त्यांना चहाचं पाणी उकळायला पाच लिटरचा विजेचा समोवर आणून दिला होता. तो जमिनीवरच्या, अनेक प्लग लावायच्या एका जुन्या पट्टीत लावलेला होता. त्याच पट्टीत, त्याच्या शेजारी, मुळाच्या डब्याची वायर होती. खोपट्याला येणारी वीज अंगणातल्या दिव्यापुरती. समोवर लावला की खोपट्यातला दिवा मिणमिणायचा.

तिने अतांना काही विचारलं नाही. सांगितलंही नाही. तिने त्यांनी दिलेला चहा प्यायला, दोन बाउरसाक खाल्ले आणि परत आली. तिला शुक्रवार हवा होता, सगळ्यांसमोर. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर तोलेगेनने समोवर उचलून फेकला असता आणि दोष सापडल्याचं श्रेय घेऊन घरी गेला असता. मधल्या दिवशी गुरुवारची खेपही जाणार होती, हे तिला माहीत होतं. चार टन. तिने ती जाऊ दिली. याबद्दल तिला पुढे कधी बरं वाटलं नाही, पण तेव्हा तिने दात आवळून जाऊ दिली.

शुक्रवारी आपायने पावणेसहाला बैठक बोलावली. उत्पादनप्रमुख होते, प्रयोगशाळेची बाई होती, तोलेगेन होता. तोलेगेन आपायच्या उजव्या हाताला बसला आणि अक्मारलला दाराजवळची खुर्ची उरली. खणातून काढलेला कागद आपायने समोर ठेवला होता. अक्मारलला लांबूनही आपली सही ओळखता आली.

तोलेगेनने भिंतीवरचा नकाशा दाखवून पंधरा मिनिटं भाषण केलं. माझं मशीन वर, बाकी सगळे खाली, कुठे चूक आहे सांगा. अक्मारलने मधे तोंड घातलं नाही. त्याचं संपल्यावर तिने तोच नकाशा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडला, त्याने हलवून ठेवलेला. मग ती म्हणाली, "आगाने ही चित्रं हाताने सरकवलीत. डबे स्वतः काय सांगतात ते बघू." आणि तिने नकाशा नव्याने मांडायचं बटण दाबलं.

चित्रं जागची उठली. सर्व्हरच्या खोलीतलं मशीन वरून घसरत तिसऱ्या ओळीत लोणीविभागाशेजारी जाऊन बसलं. खालच्या कोपऱ्यातून फाटकाचा डबा निघाला, सगळ्यांच्या मधून वर गेला आणि तोरवर थांबला. प्रयोगशाळेच्या बाईने हसू दाबलं. तोलेगेनचा चेहरा लालबुंद झाला.

"हा माझा अपमान करायला केलेला खेळ आहे," तो आपायला म्हणाला. "बटण तिचं, सॉफ्टवेअर तिचं. ती म्हणेल ते वर जाईल."

"मग वाट बघू," अक्मारल म्हणाली. "आज सहा वाजून चोवीस मिनिटांनी तोंड उघडायचंय. वीस झाले की नेटवर्क मरेल."

तोलेगेन म्हणाला, ही आता ज्योतिषही सांगायला लागली. आपायने हात वर करून त्याला गप्प केलं. अक्मारल सोडून सगळे भुकेले होते, घसे कोरडे होते, आणि अशा वेळी माणसं फार वाद घालत नाहीत. ती पाच जणं पडद्याकडे बघत बसली. आपायने खजुरांची बशी पुढे ओढून ठेवली.

सहा वीस झाले. काही झालं नाही. तोलेगेनने खुर्ची मागे सरकवली. अतांनी आज समोवर लावायला उशीर केला असेल, किंवा आज त्यांच्याकडे कुणी आलंच नसेल, तर अक्मारलच्या कागदावर आजची तारीख पडणार होती. मग वरचा डबा पडद्यावरून विझला. त्याच्याखालच्या फांद्या एकेक करून लाल झाल्या, निळ्या, नारिंगी, सगळ्याच वस्त्या एकदम, आणि आपायच्या टेबलावरचा फोन मेला. खाली दूध तापवणाऱ्या विभागातून कुणीतरी शिवी हासडली ती बंद खिडकीतून ऐकू आली.

अक्मारलने मग सांगितलं. समोवर लागतो, वीज कमी पडते, जुना डबा बंद होऊन पुन्हा चालू होतो. तो सगळ्यांचं मूळ, म्हणून बाकीचे वीस डबे काम टाकून नवं मूळ ठरवत बसतात. त्याला मिनिट जातं. तिने वही आणि मशिदीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवले.

आता तोलेगेनने पवित्रा बदलला. त्याने टेबलावर थाप मारली आणि म्हणाला, मग दोष म्हाताऱ्याचा! कारखान्याच्या विजेवर चहाचं दुकान काढून बसलाय. आजच्या आज काढा त्याला. त्याने स्वतःच निरोप धाडला, आणि पाच मिनिटांत ओमिर्झाक अता वर आले. मधे अजान होऊन गेली होती. आपल्याला का बोलावलंय याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात पेल्यांची चळत आणली होती, साहेबलोक बैठकीत अडकलेत, त्यांचा रोजा कोरडा राहू नये म्हणून.

आपायने त्यांना विचारलं, की समोवर लावल्यावर शेजारचा डबा बंद पडतो, हे तुम्हाला माहीत होतं का.

"होतं की," अता म्हणाले आणि चहा ओतायला लागले. "दिवेच जातात त्याचे. ओराझाच्या पहिल्या दिवसापासून सांगतोय. या तोलेगेनला तीनदा सांगितलं मी, बाळा, माझा समोवर लागला की तुझा डबा डोळे मिटतो. म्हणाला, अता, तुम्ही चहा प्या, यंत्रांचं मी बघतो." त्यांनी पहिला पेला तोलेगेनपुढे धरला. "घे, कोरडा बसलायस."

पेला तसाच त्यांच्या हातात राहिला. शेवटी प्रयोगशाळेच्या बाईने तो घेतला.

राउशान आपायने एक खजूर तोंडात टाकला, बी काढून बशीच्या कडेला ठेवली आणि तोलेगेनला म्हणाल्या, "दुरुस्त करा."

"समोवर काढून टाकतो."

"समोवर काढू नका," अक्मारल म्हणाली. "उद्या त्या पट्टीत दुसरं काही लागेल. मूळ बदला. आगांचं मशीन आहे, पासवर्ड आगांचा आहे. एक ओळ आहे. आगांनीच घालावी."

ती हे मुद्दाम म्हणाली. तिला अंदाज होता आणि तिला तो खरा ठरलेला बघायचा होता, चौघांच्या डोळ्यांदेखत.

तोलेगेन तिच्या खुर्चीत, तिच्या कीबोर्डसमोर बसला. पासवर्ड त्याने झरझर घातला, अंगठ्याने ओळखीचं बटण दाबावं तसा. मोठ्या पडद्यावर त्याच्या मशीनचं काळं पान उघडलं, एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली. तो बसून राहिला. त्याने दोन अक्षरं टाकली आणि खोडली. मग एक शब्द टाकला, मशीनने तो समजत नसल्याचं कळवलं. त्याने दुसरा टाकला. त्याचं उत्तरही तेच आलं. त्याच्या मानेवर घाम आला होता. पंधरा वर्षं त्याने तारा ओढल्या होत्या, हिवाळ्यात शिडीवर चढून बोटं गोठवली होती, कुठल्या भिंतीत कुठली तार आहे ते डोळे मिटून सांगता येत होतं. पण हे त्याला येत नव्हतं. ते कधी आलंच नव्हतं, आणि विचारायला कुणी नव्हतं, म्हणजे एक बाई होती आणि तिला विचारण्यापेक्षा त्याने चित्रं सरकवली होती.

बाकीचे पडद्याकडे बघत होते. अता तेवढे चहा ओतत होते.

"काय घालायचं?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

अक्मारलने भिंतीवर छापून लावलेल्या नकाशाकडे पाहिलं, आणि तिची नजर कुठे आहे ते सगळ्यांना दिसेल इतका वेळ पाहत राहिली.

"उठा, तोलेगेन," आपाय म्हणाल्या. त्यांनी एक कोरा कागद टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. त्यावर काय लिहायचं हे डेअरीत कुणालाच सांगावं लागत नसे. त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिलं, मग लिहिलं, सही केली आणि विचारलं, "तारीख?"

"घाला," आपाय म्हणाल्या. "आजची."

तो गेल्यावर अक्मारल त्याने उबदार केलेल्या आपल्या खुर्चीत बसली. त्याने पासवर्ड घालून उघडलेल्या पानावर तिने ती एक ओळ घातली आणि नकाशा नव्याने मांडला. सर्व्हरच्या खोलीतलं मशीन हळूहळू वर गेलं आणि तोरवर बसलं. फाटकाचा डबा खाली दाराशी उतरला. उत्पादनप्रमुख आणि प्रयोगशाळेची बाई जेवायला गेले, अता किटली घेऊन फाटकाकडे परतले. मग अक्मारलने टेबलावरच्या आपल्या कागदाकडे हात केला.

"आपाय, तो माझा मला द्या आता."

राउशान आपायने कागद उचलला, घडी घातली आणि पुन्हा खणात ठेवला. "तू चांगलं काम केलंस," त्या म्हणाल्या. "पण आता सगळं तुझ्या एकटीच्या हातात आहे. गेल्या वेळी एकाच्या हातात होतं तेव्हा माझे हाल झाले. हा इथेच बरा." त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. जाताना त्यांनी विचारलं, गुरुवारची खेप वाचवता आली नसती का. अक्मारल म्हणाली, नाही. आपायने मान हलवली आणि आणखी काही विचारलं नाही.

ती एकटी उरली. नकाशात फाटकाच्या निळ्या चौकोनावर टिचकी मारली की तिथला कॅमेरा उघडतो. तिने तो उघडला. खोपट्याच्या दिव्याखाली तोलेगेन उभा होता, काखेत एक खोकं, त्यात पंधरा वर्षांचं सामान. ओमिर्झाक अता त्याला जाऊ देत नव्हते. ते आत वाकले, खोपट्यातला दिवा मिणमिणला, म्हणजे समोवर पुन्हा लागला होता. अक्मारलने चटकन नकाशाकडे पाहिलं. फाटकाच्या डब्याभोवतीची रेघ तेवढी लाल झाली आणि कॅमेरा विझला. बाकी एकही फांदी हलली नाही. दूध तापत होतं, त्याची उष्णता सेकंदासेकंदाला येत होती.

मिनिटभराने चित्र परत आलं. तोलेगेनच्या हातात आता पेला होता. त्याने वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. तो त्यानेच लावला होता, आत्ता त्यातून कोण बघत असेल हे त्याला बरोबर ठाऊक होतं. मग त्याने कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली आणि तसाच उभा राहून चहा संपवला.

अक्मारलने ते सगळं पाहिलं. वाटायला हवं होतं तसं तिला काही वाटलं नाही. तिने भिंतीवरचा छापील नकाशा काढला, चुरगाळला आणि आपायच्या बंद खणाकडे बघत टोपलीत टाकला.